शिंदीचा गाभा

“सैल धर गं, छबू. पात्याचा गळा आवळू नगंस,” गोजराअक्का म्हणाली आणि माझ्या हातातली मूठ घेऊन तिनं सरळ उलगडूनच टाकली.

सकाळपासून तीच मूठ मी तिसऱ्यांदा वळत होते. बोटांना चिरा पडल्या होत्या, पाठ धरली होती, आणि ही बया म्हणते सैल धर! मला असा राग आला. पण रागावून करते काय? तिनं दोन पाती इकडून घेतली, दोन तिकडून, मध्ये वाखाच्या दोरीचा पीळ भरला आणि गप्पा मारता मारता तयार मूठ माझ्या मांडीवर ठेवली. बघावी तर एक पातं वर नाही, एक खाली नाही.

“तुजं ध्यान न्हाई आज,” वर मलाच म्हणाली. “दादल्याशी भांडलीस व्हय?”

“दादल्याशी कशाला भांडू? ह्या मेल्या शिंदीशी भांडाण हाय माजं.”

ती हसत सुटली. हसली की तिला ठसका लागायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं.

गोजराअक्का माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला केरसुणीची मूठ कुठून धरायची हेही ठाऊक नव्हतं. आमचं सासरचं घर पिढ्यानपिढ्या शिंदीच्या केरसुण्या वळणारं. वर्षभर साध्या, झाडण्याच्या. पण घटस्थापना झाली की दिवाळीपर्यंत फक्त लक्ष्म्या. लक्ष्मीपूजनाला घरोघर नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, म्हणून त्या दिवसांत तिला कुणी केरसुणी म्हणत नाही. आमच्या अंगणात तर चुकून म्हटलं तरी आत्ती डोळे वटारायची. आत्ती म्हणजे माझी सासू.

ह्या आत्तीनं सांगितलेली घरची एक रीत होती. सून आली की पहिल्या दसऱ्याला सासूनं तिला ओढ्यावर न्यायचं आणि एक शिंदी दाखवून म्हणायचं, ही तुझी. बाकीची झाडं सगळ्यांची, पण दिवाळीच्या लक्ष्म्यांची पाती ज्या त्या बाईनं आपल्याच शिंदीची घ्यायची. दुसरीच्या शिंदीला कोयता लावायचा नाही. आणि शिंदी आपली असो की दुसरीची, गाभ्याला तर नाहीच नाही. शेंड्याच्या अगदी मधोमध एक मिटलेली कोवळी झावळी असते, तिच्या बुडाशी गाभा. झाडाचा जीव तिथं. खालच्या झावळ्या कितीही काढा, झाड पुन्हा फुटतं. गाभा गेला की झाड गेलं, मग त्याला देवसुद्धा पालवी फोडू शकत नाही.

“जिच्या कोयत्यानं गाभा तुटला तिनं पुन्यांदा लक्ष्मी वळायची न्हाई,” आत्ती सांगायची. “जलमभर न्हाई. जीव घेनाऱ्या हाताची लक्ष्मी कुनाच्या घरात जाऊ ने.”

हे मी कानांनी ऐकलं होतं, नाही असं नाही.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आधी तालुक्याच्या महिला केंद्रातून पळशीकर बाई आल्या. चष्मा, खांद्याला झोळी, आणि बोलणं असं की आत्तीसुद्धा पदर सावरून ऐकत बसली. बाई म्हणाल्या, “शहरातल्या घरांत आता जागा नाही, पण लक्ष्मी सगळ्यांना हवी आहे. वीतभर उंचीच्या, शोभेच्या लक्ष्म्या करा. तुमच्या रानात जे वाळतं ते लावा त्यांना. कणसं, गवताचे तुरे, फुलं, बिया.” आणि जाता जाता म्हणाल्या, “दसऱ्यानंतर आठ दिवसांनी प्रत्येकीनं एकेक नमुना घेऊन या. जिचा नमुना उत्तम ठरेल तिला केंद्रात कायमची शिकवणारी बाई म्हणून घेऊ.”

शिकवणारी बाई! मी सातवी पास होते. आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी एकटी. मला शाळेत बाईच व्हायचं होतं, पण सातवीनंतर बापानं दप्तर माळ्यावर टाकलं आणि दोन वर्षांत मला बोहल्यावर उभी केली. पळशीकर बाईंचं वाक्य ऐकलं आणि मला खुर्ची दिसायला लागली. समोर बायका बसल्यात आणि मला ‘बाई’ म्हणताहेत, हे मी भाकरी थापतानासुद्धा बघायला लागले. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं मला, आणि नंतरही वाटलं नाही.

पण हात कुठून आणायचा? हात होता गोजराअक्काला. तिनं नवव्या माळेच्या दिवशी आपला नमुना करून कोनाड्यात ठेवला. वीतभर लक्ष्मी, पाती खाली पंख्यासारखी पसरलेली, मुठीला हळदीत रंगवलेल्या पात्यांची वेणी, वर बाजरीचं एकच कणीस आणि त्याच्या बुडाशी गुंजांची लाल ओळ. बस्स, एवढंच. मी माझ्या नमुन्याला काय काय लावलं होतं! झेंडू लावला, कवड्या लावल्या, पळसाची वाळवलेली फुलं लावली, गवताचे तुरे खोवले. आत्तीनं तो उचलून बघितला आणि म्हणाली, “ही लक्ष्मी हाय का वरातीतलं घोडं?”

सगळे हसले. अक्का नाही हसली. “नवी हाय ती, शिकंल की,” म्हणाली. तिच्या त्या चांगुलपणाचाच मला जास्त राग आला.

दसरा झाला आणि अक्काला हिवताप भरला. अंग नुसतं फणफणत होतं. दिवाळी तोंडावर, पाती काढून वाळवायची राहिलेली. आत्ती नको नको म्हणत असताना बाई पहाटे उठून ओढ्यावर गेली आणि आपल्या शिंदीच्या झावळ्या काढून, तिथंच दरडीवर पसरून, दात वाजवत परत आली. आल्या आल्या आडवी झाली. दुपारी मला म्हणाली, “छबू, माज्या झावळ्या उलट्या करून ये गं. एका अंगानं करपतील.”

मी गेले. जाताना कोयता का घेतला? वाटेत वैरण कापू म्हणून घेतला, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं.

अक्काची शिंदी ओढ्याच्या दरडीला लागून होती. दरडीवर उभं राहिलं की तिचा शेंडा हाताशी यायचा. मी झावळ्या उलट्या केल्या आणि सहज शेंड्याकडं बघितलं. मधोमध ती मिटलेली झावळी. मी ती जरा बाजूला वाकवली. वर फिकट हिरवी, खाली पिवळसर, आणि अगदी बुडाशी, जिथं ऊन कधी शिरलंच नव्हतं तिथं, पांढरी. साय धरलेल्या दुधाचा रंग. मी हात लावून पाहिला, मऊ, गार. ह्या पात्याची वेणी वळली तर? माझ्या आडमुठ्या बोटांनाही ते वळलं असतं. आणि असला रंग पळशीकर बाईंनी जन्मात बघितला नसता.

माझी स्वतःची शिंदी चार पावलांवर होती. खरं सांगते, मी तिच्याकडं बघितलं. आणि मला वाटलं, माझी मेली तर?

म्हणून मी अक्काच्या शिंदीत कोयता घातला. पांढरा भाग बुडापर्यंत हवा होता, म्हणून खोल घातला. मनगटापर्यंत हात आत गेला. झावळी उपसली तेव्हा ओला आवाज आला. मग बाजूच्या झावळ्या ओढून जखमेवर अशा टेकवल्या की खालून काही दिसू नये. हे सगळं करताना माझा हात एकदाही थरथरला नाही, ते मला अजून आठवतं.

घरी सांगितलं, माहेरी वाऱ्यानं एक शिंदी उन्मळली, भावाकडून तिचा गाभा मागवला. आत्तीनं पांढरी पाती बोटांवर घेऊन बराच वेळ बघितली. “मेल्या झाडाचा हाय न्हवं?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “व्हय, मेल्या झाडाचा.” अक्का अंथरुणातून म्हणाली, “किती ग्वाड रंग हाय गं! ह्याला काय सुदीक लावू नगंस, छबू. नुसती वेनी घाल.”

मी तिचं ऐकलं. झेंडू, कवड्या, पळस, सगळं काढून टाकलं. नुसती पांढरी वेणी आणि गवताचा एक तुरा. तिच्या झाडाचा जीव आणि तिचाच सल्ला, ह्यावर माझा नमुना पहिला आला.

केंद्रातून परत आले तर अक्का ताप अंगात असताना दारात उभी. माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरून तिनं चुलीत टाकल्या. “आमची छबू आता बाई झाली,” सगळ्या आळीला सांगत सुटली. तिचा नमुना दुसरा आला होता, त्याचं तिला काहीच नव्हतं.

दिवाळी झाली. मार्गशीर्षात आत्ती एकदा ओढ्यावरून आली आणि अक्काला न् मला हाक मारून तशीच माघारी वळली. आम्ही दोघी तिच्या मागून गेलो. अक्काच्या शिंदीचा शेंडा वाळून एका बाजूला कलला होता. खालच्या झावळ्या अजून हिरव्या होत्या, त्यामुळं ते जास्तच वाईट दिसत होतं. अक्कानं दरडीवरून हात घालून शेंडा नुसता ओढला, तर तो हातात आला. आतून कुजलेला. पण कडेला कोयत्याचा घाव स्वच्छ दिसत होता.

आत्ती म्हणाली, “गोजरे, ह्या साली ह्या शिंदीवर कोयता कुनाचा पडला?”

अक्का त्या घावाकडं बघत राहिली.

“माजाच,” ती म्हणाली. “मीच आल्ते पहाटं. ताप हुता, आत्ती. डोळ्यांम्होरं अंधारी येत हुती. किती झावळ्या काढल्या त्येबी ध्येनात न्हाई. माजाच कोयता घसरला असंल.”

बोल, छबू. आता बोल. मी तोंड उघडलंसुद्धा. पण पुढच्याच आठवड्यात केंद्रात माझा वर्ग सुरू व्हायचा होता. मला वाटलं, आत्ती काय, चार दिवस धुसफुसेल आणि विसरेल. अक्कासारखी कसबी बाई ती बसवून ठेवणार आहे थोडीच? मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असंही मला वाटलं. पण मला कुणी विचारलं नाही.

आणि खरंच, आत्तीनं बसवून ठेवलं नाही. उलट महिन्याभरानं तीच म्हणाली, “तापात झालं, गोजरे. जानूनबुजून न्हाई. देवाला नारळ फोड आन् बस वळायला.” पण अक्का बसली नाही. तिनं आपला कोयता, दाभण, वाखाची गुंडी, सगळं आत्तीच्या पुढ्यात ठेवलं. “हाताचा भरवसा गेला माजा,” म्हणाली. “तापात झाड मारलं, उंद्या शुद्धीत मारीन.” दुसऱ्या दिवसापासून ती खुरपणीला जायला लागली.

मग वर्षं कशी गेली म्हणून काय सांगू! मी केंद्रात शिकवत राहिले. मला सगळे सासरच्या आडनावानं ‘सकट बाई’ म्हणायला लागले. शाल मिळाली, नारळ मिळाले, वर्तमानपत्रात फोटो आला. प्रत्येक नव्या बाईला मी पहिल्या दिवशी सांगायची, सैल धरा, पात्याचा गळा आवळू नका. बायका म्हणायच्या, किती छान सांगता हो बाई! मला घास उतरायचा नाही त्या दिवशी. आत्ती गेली, आम्ही वेगळे राहायला लागलो, अक्काचा नवरा गेला. सणावाराला भेटलो की मी ठरवून जायची, आज सांगायचंच. ती माझ्या ताटात आग्रहानं पोळी वाढायची आणि मी खाऊन परत यायची. अशी अठ्ठावीस वर्षं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात अक्काची लेक वैजू केंद्रात आली. चौतिशीची, नवऱ्यानं टाकलेली, आईजवळ राहणारी. “काकी, मला शिकव,” म्हणाली. मी तिच्या हातात पाती दिली आणि पुढच्या बाईकडं वळले. परत येऊन बघते तर तिची मूठ अर्धी झालेली. कुणी काही न दाखवता. दोन पाती इकडून, दोन तिकडून, एक वर नाही, एक खाली नाही.

तिसऱ्या दिवशी वैजू आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी अक्काच्या घरी गेले.

ती ओसरीवर तुरी निवडत बसली होती. वैजू आत भांडी घासत होती.

“ये गं, बस. चहा टाकाय सांगू?”

“चहा नको. वैजू का येत नाही?”

“मी नगं म्हनले.”

“अगं पण का? काय हात आहे तिचा!”

“म्हनूनच नगं म्हनले.” अक्कानं सूप खाली ठेवलं. “परवा घरी बसून वळत हुती. बघितलं मी. माज्यावानीच वळती. छबू, ह्यो हात चांगला न्हाई. कवा फिरंल सांगता येत न्हाई. म्या माजी शिंदी मारली, आता हिनं आनि काय मारायचं? हिच्या नशिबी आधीच काय कमी हाय?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

“अक्का,” मी म्हटलं, “ती शिंदी तू मारली नाहीस.”

“मग कुनी?”

“मी.”

तिला कळलंच नाही. ती माझ्याकडं बघत नुसतीच हसली, मी तिची समजूत काढायला काहीतरी बोलते आहे असं वाटून. मग मी सगळं सांगितलं. दुपार सांगितली, दरड सांगितली, कोयता सांगितला. माहेरची शिंदी खोटी होती ते सांगितलं. पांढरी वेणी कुठली होती ते सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढं बोलवलं नसतं. वैजू दाराशी येऊन उभी राहिली होती, ओल्या हातांनी.

मला वाटलं होतं, अक्का रडेल. मला शिव्या देईल, समोरचं सूप मला मारील. अठ्ठावीस वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. ती यातलं काही करीना.

“कोयता किती खोल घातलास?” तिनं विचारलं.

मी मनगटावर बोट ठेवून दाखवलं.

“आन् माजं घाव? पहाटंचं? तुज्या नजरंला पडलं असतील त्ये.”

“पडले. सात झावळ्या काढल्या होत्यास. सगळ्या खालच्या. सातही घाव एकसारखे, बुडाशी, तिरपे.”

“येकबी चुकला न्हवता?”

“एकही नाही.”

“ताप हुता मला.”

“ताप होता तरी.”

अक्कानं दोन्ही हात तुरीतून काढले आणि उलटे केले, सुलटे केले. मग म्हणाली, माझ्याकडं न बघता, “घरातल्या लक्ष्मीला हळदकुंकू वैजूकडनं लावून घेत आले गं मी. आपला हात लावला न्हाई येका सालीबी.”

ते ऐकून मला रडू फुटलं. मी वाकून तिचे पाय धरायला गेले. तिनं पाय मागं घेतले.

“न्हाई,” ती म्हणाली. “पाया पडू नगंस. माजं मन हुईना.”

वैजूनं पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, “काकी, मग उद्यापासून येऊ का मी केंद्रात?”

उत्तर अक्कानं दिलं.

“काय गरज न्हाई हिच्याकडं जायाची,” ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. “चल ओढ्यावर. मी शिकवते तुला.”

दोघी मायलेकी माझ्यासमोरून पायऱ्या उतरून गेल्या. मी ओसरीवर बसून राहिले. मला कुणी चल म्हणालं नाही, आणि बस असंही म्हणालं नाही.